ईदीचा हिशोब : लहान मुलांना पैशाची ओळख

रमजान ईद होऊन आठवडा झाला होता. फजरच्या नमाजनंतर मशिदीतील मक्तबात मुले जमली, तेव्हा सबक सुरू करण्यापूर्वी मी त्यांना सहज विचारले, "ईदी किती मिळाली आणि तिचे काय केले?" पहिल्या प्रश्नाची उत्तरे मोठ्या उत्साहाने आली. दुसऱ्या प्रश्नाला मात्र बहुतेकांचे उत्तर एकच होते : "अम्मीने ठेवले." कोणाचे अब्बांनी ठेवले होते, कोणाचे दादींनी. मागच्या ओळीतील एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा म्हणाला, "हजरत, अब्बांनी मागच्या ईदचे पण अजून दिले नाहीत." सारा वर्ग हसला. (मक्तबातील मुले घरी जी बोली बोलतात ती उर्दू आणि वऱ्हाडी यांच्या मधली आहे. येथे तिचे मराठी रूप देत आहे.)

मला हसता आले नाही. चारच दिवसांपूर्वी गॅसचे सिलिंडर आले, घरात रोख रक्कम नव्हती, म्हणून मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या डब्यातून सहाशे चाळीस रुपये घेतले होते. तिला विचारले नव्हते. घरातलाच पैसा घरात वापरला, असेच माझ्या मनाने मला समजावले होते. त्या मुलाच्या वाक्याने ते समजावणे मोडून पडले, आणि मदरशात शिकलेला एक जुना मसला नव्याने समोर उभा राहिला. लहान मुलांना पैशाचे शिक्षण कसे द्यावे यावर बोलण्याआधी आपण पालकांनी तो मसला पाहणे आवश्यक आहे, कारण मूल पैशाचा पहिला धडा आपल्या बोलण्यातून घेत नाही. त्याच्या स्वतःच्या पैशाशी आपण कसे वागतो, त्यातून ते हा धडा घेते.

इस्लामी शरीअतमध्ये मूल हे मालक असू शकते. ते दूधपिते असले तरी वारशाने, भेटीने, हिब्याने त्याच्या मालकीचे धन होऊ शकते, आणि बाप हा त्या धनाचा राखणदार असतो. आपल्या हनफी फुकहांनी समजदार पण नाबालिग मुलाच्या व्यवहारांचे तीन भाग केले आहेत. ज्यात मुलाचा निव्वळ फायदाच आहे, उदाहरणार्थ भेट स्वीकारणे, तो व्यवहार मूल स्वतः करू शकते. ज्यात निव्वळ तोटा आहे, उदाहरणार्थ आपले धन कोणाला देऊन टाकणे, तो मुलाने केला तरी व्यर्थ ठरतो, आणि पालकाने परवानगी दिली तरीही तो वैध होत नाही. ज्यात फायदाही होऊ शकतो आणि तोटाही, म्हणजे खरेदी-विक्री, तो पालकाच्या परवानगीवर अवलंबून राहतो. वाचकांनी ही विभागणी लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिने मलाच अडचणीत आणले आहे.

आता ईदीचे पाहू. येथे रूढीला, म्हणजे उर्फला, महत्त्व आहे. अकीका, खतना अशा प्रसंगी बाळाच्या हातात जे ठेवले जाते ते पुष्कळदा देणाऱ्याच्या मनात आई-बापांसाठीच असते. परतफेडीची वही तर आई-बापच ठेवतात. तेथे ती रक्कम पालकांची समजली जाते. परंतु मामा जेव्हा भाचीला जवळ बोलावून, तिचे नाव घेऊन, तिच्या हातात शंभरची नोट ठेवतो आणि "काहीतरी घे" म्हणतो, तेव्हा ती नोट भाचीची झाली. बाप खरोखरच मोताद असेल, घरात चूल पेटण्याची भ्रांत असेल, तर मुलाच्या धनातून गरजेपुरते घेण्यास वाव आहे. तशी स्थिती नसताना घेतले, तर ते परत करावे लागते. माझ्या घरी सिलिंडरची अडचण दोन दिवसांची होती. तेव्हा सहाशे चाळीस रुपये हे माझ्यावरचे देणे होते आणि देणेकऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील एक प्रसंग अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) लहान असताना त्यांच्या आईने "ये, तुला काही देते" म्हणून त्यांना हाक मारली. प्रेषित (स.) त्या वेळी त्यांच्या घरी होते. त्यांनी आईला विचारले की, काय देणार होतीस? खजूर देणार होते, असे तिने सांगितले. त्यावर प्रेषितांनी तिला समज दिली की, काहीच दिले नसते तर तुझ्या नावे एक खोटे लिहिले गेले असते. एका खजुराची ही गोष्ट आहे. "दे, मी ठेवते, मग देईन" हे वाक्य आपल्या घरांतून वर्षाला किती वेळा उच्चारले जाते, ते ज्याने त्याने मोजावे.

म्हणून पहिली सूचना पालकांसाठी आहे. मुलाची रक्कम ठेवायला घेतली तर त्याच्यासमोर मोजावी, एका वहीत त्याच्या नावाने लिहावी आणि वही त्याला दिसेल अशा जागी असावी. मुलगा आणि मुलगी यांच्या वह्या सारख्याच असाव्यात. नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एकाच मुलाला देणगी देऊन प्रेषितांना साक्षी राहण्याची विनंती केली, तेव्हा सर्व मुलांना असेच दिले आहे का, असे त्यांनी विचारले आणि "नाही" हे उत्तर ऐकून साक्षी होण्यास नकार दिला. बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आहे. मुलाला बाजारात पाठवायचे आणि मुलीच्या हाती आयुष्यभर पैसा द्यायचा नाही, ही आमच्या भागातील रीत या हदीसच्या कसोटीवर उतरत नाही. पुढे तीच मुलगी मेहरची आणि वारशाची मालकीण होणार आहे. मोजणे तिने कोठे शिकावे?

किती वर्षांपासून?

फुकहांच्या भाषेत ज्या वयात मुलाला नफा-तोटा, आपले-परके, देणे-घेणे यांतील भेद कळू लागतो त्या वयास तमयीज म्हणतात, आणि सामान्यपणे ते सात वर्षांचे मानतात. याच वयापासून मुलाला नमाज सांगण्याची आज्ञा हदीसमध्ये आहे. सज्दा आणि सौदा या दोन्हींची समज साधारण एकाच सुमारास उगवते, हे मला नेहमी विचारात पाडते.

पवित्र कुरआनच्या सूरह निसाच्या सहाव्या आयतीत अनाथ मुलांच्या पालकांना आदेश आहे की, मुले विवाहाच्या वयास पोहोचेपर्यंत त्यांची परीक्षा घेत राहा, आणि त्यांच्यात समंजसपणा दिसला की त्यांचे धन त्यांच्या स्वाधीन करा, करताना साक्षीदार ठेवा. येथे परीक्षा शब्दाकडे लक्ष द्यावे. परीक्षा वयात येण्यापूर्वीच घ्यायची आहे. हनफी फुकहांनी यातून असा अर्थ घेतला की, नाबालिग असतानाच मुलाला थोडा पैसा देऊन लहानसा व्यवहार करू द्यावा आणि तो कसा करतो ते पाहावे. कोकणातील आपले बांधव शाफई आहेत. त्यांच्या मते नाबालिगाने केलेला सौदा वैध ठरत नाही, म्हणून मुलाने भाव करावा आणि सौदा पालकाने पूर्ण करावा. मार्ग वेगळे असले तरी दोन्हींत मूल बाजारात उभे आहेच. त्याला घरात बसवून अठराव्या वर्षी एकदम पाकीट हाती देण्याची कल्पना या दोन्ही परंपरांना अपरिचित आहे.

अगदी लहान मुलांशी, पाच-सहा वर्षांच्या, नाणी आणि नोटा ओळखण्याचा खेळ खेळावा. आज एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांची नाणी चलनात आहेत. पंचवीस पैसे आणि त्याखालील नाणी 30 जून 2011 रोजी व्यवहारातून गेली. आजोबांच्या डब्यात चार आणे सापडले तर मूल आनंदाने नाचते, त्याला ही गोष्ट सांगावी. काही ठिकाणी दुकानदार दहाचे नाणे घेत नाहीत आणि मूल हिरमुसून परत येते. सर्व प्रकारची दहाची नाणी वैध असल्याचा खुलासा रिझर्व्ह बँकेने 2018 साली केला आहे. मुलाला तो माहीत असू द्या आणि दुकानदाराशी नम्रतेने बोलण्यास शिकवा.

नोट उलटी करावी. तिच्या मागील बाजूस एका पट्टीत पंधरा भाषांत तिचे मूल्य लिहिलेले असते. त्यांत मराठी आहे आणि उर्दूही आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी आणि मक्तबात उर्दू शिकणाऱ्या आमच्या मुलांना मी वीसची नोट देऊन दोन्ही ओळी शोधायला लावतो. जो आधी शोधेल त्याला खडीसाखर. त्याच नोटेवर आपल्या महाराष्ट्रातील वेरूळच्या लेण्यांचे चित्र आहे, पाचशेच्या नोटेवर शहाजहानने बांधलेला लाल किल्ला. 'रुपया' हे नाव ज्या चांदीच्या नाण्यामुळे रूढ झाले ते शेरशाह सूरीने पाडले होते. या गोष्टी सांगताना पैशाविषयी लोभ वाढत नाही, ओळख वाढते.

बाजारात

सात वर्षांच्या मुलाला किराणा दुकानात एकटे पाठवावे. एकच वस्तू सांगावी, ठरलेली नोट द्यावी, उरलेले पैसे किती यायला हवेत ते आधी त्यालाच काढू द्यावे. परत आल्यावर मोजून घ्यावे. पैसे कमी आले तर ओरडू नये, त्याच्याबरोबर जाऊन विचारावे. जास्त आले तर त्याच पावली त्याला परत करायला पाठवावे. येथे मात्र टाळाटाळ करू नये. "राहू दे, त्याचे काय जाते" हे वाक्य मुलाने एकदा ऐकले की अमानतदारीवरील माझे दहा जुमे वाया जातात.

उर्वा बारिकी (रजि.) यांना प्रेषित (स.) यांनी एक दीनार देऊन बकरी आणण्यास सांगितले. त्यांनी त्या दीनारात दोन बकऱ्या घेतल्या, वाटेत एक बकरी एका दीनारास विकली, आणि एक बकरी व एक दीनार घेऊन परत आले. प्रेषितांनी त्यांच्या व्यापारात बरकतीची दुआ केली. बुखारीतील हा प्रसंग मुलांना गणित म्हणून घालावा. ती बोटांवर मोजतात, चकित होतात, मग त्यांतील एखादा हमखास विचारतो, "मग तो दीनार त्यांनी ठेवून का नाही घेतला?" प्रश्न आला की समजावे, धडा सुरू झाला. पैसा ज्याचा, नफाही त्याचाच. उर्वा हे वकील होते, मालक नव्हते.

इमाम अबू यअला यांनी नोंदवलेल्या एका रिवायतीत आहे की, जाफर (रजि.) यांचे लहान चिरंजीव अब्दुल्लाह मुलांसारखी विक्री करीत असताना प्रेषित (स.) तेथून गेले आणि त्यांनी त्या बालकाच्या व्यापारासाठी दुआ केली. मुलांच्या दुकानाचा खेळ पाहून आपण मात्र "अभ्यास कर" म्हणतो.

आमच्याकडील शाळांत हिवाळ्यात आनंद मेळावा भरतो. मुले घरून भजी, पोहे, बोरे, उकडलेल्या शेंगा घेऊन येतात आणि एकमेकांना विकतात. मुलांसाठी ही मोठी उत्तम शाळा आहे. तरी त्यात दोन उणिवा मी पाहिल्या आहेत. एका मुलीने मला अभिमानाने सांगितले की, तिला भज्यांत दोनशे रुपये नफा झाला. मी विचारले, बेसन कोणाचे, तेल कोणाचे, गॅस कोणाचा? सर्व अम्मीचे. मग दोघांनी बसून हिशोब मांडला. बेसन, तेल, कांदे यांचे एकशे तीस निघाले. नफा सत्तर रुपये. तिचा चेहरा थोडा उतरला, पण तिने आपण होऊन अम्मीला एकशे तीस परत नेऊन दिले, आणि भजी तळण्याची मजुरी किती धरायची हा प्रश्नही विचारला. त्याचे उत्तर तिच्या अब्बांनाही सुचले नसावे.

दुसरी उणीव बोरांच्या टोपलीत होती. एका मुलाने चांगली बोरे वर रचली होती, किडकी खाली. त्याला कोणी शिकवले नव्हते. बाजारात पाहून तो शिकला होता. प्रेषित (स.) मदीनेच्या बाजारातून जाताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे प्रेषितांनी त्याला विचारले आणि जो फसवतो तो आमच्यातील नाही, असा कठोर इशारा दिला. मी ही हदीस त्या मुलाला टोपलीपाशीच सांगितली. त्याने बोरे निवडली, किडकी बाजूला काढली, आणि उरलेली संपेपर्यंत विकली. सहीह मुस्लिममधील धडा त्याला बोरांच्या टोपलीत मिळाला.

मापाचा धडा आमच्या मुलांना शेतातच मिळतो. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया दिवसभर वेचतात आणि संध्याकाळी काट्यावर गाठोडे चढते. मजुरी किलोवर असते. ज्यांची शेती आहे त्यांनी आपल्या मुलांना त्या काट्यापाशी उभे करावे, आकडा त्यांना वाचू द्यावा, वहीत लिहू द्यावा. ज्यांच्या घरातील माता-भगिनी वेचायला जातात त्यांच्या मुलांनाही अम्मीचे किलो आणि अम्मीची मजुरी यांचा गुणाकार करता यावा. घेताना भरून घेणारे आणि देताना कमी मोजणारे यांच्या विनाशाची बातमी देणारी सूरह अल-मुतफ्फिफीन मुले पाठ करतात. तिचा अर्थ त्या काट्यापाशी जसा उमगतो तसा वर्गात उमगत नाही.

जमा, खर्च, बाकी

मराठी साहित्याचा विद्यार्थी म्हणून एक गंमत सांगतो. आपल्या मराठीतील हिशोब, जमा, खर्च, बाकी, रक्कम, नफा, किंमत, कर्ज, वसूल हे शब्द अरबी-फारसीतून आले आहेत. गावातील कोणत्याही धर्माचा दुकानदार रोज ते उच्चारतो. जो 'हिशोब' वाण्याच्या वहीत आहे तोच यौमुल-हिसाबमध्ये आहे. 'बाकी' म्हणजे जे उरते ते. प्रेषितांच्या घरी एकदा बकरी कापून वाटली. काय उरले, असे त्यांनी विचारले. फक्त खांदा उरला, असे आदरणीय आएशा (रजि.) यांनी सांगितले. त्यावर प्रेषित म्हणाले की, खांदा सोडून सारे उरले. तिरमिजी यांनी ही हदीस नोंदवली आहे. मुलाच्या वहीत बाकीचा रकाना लिहिताना ही गोष्ट त्याला जरूर सांगावी. ते गोंधळेल. गोंधळू द्यावे.

सदका मुलाच्या हातून द्यावा, परंतु आपल्या पैशातून. वर सांगितलेल्या नियमानुसार नाबालिगाचे धन कोणाला दान देण्याचा अधिकार ना त्याला आहे ना आपल्याला. हनफी मतानुसार नाबालिगाच्या धनावर जकातही नाही. शाफई मतात निसाब पूर्ण असेल तर आहे. म्हणून बापाने मुलाला दहा रुपये "हे सदक्यासाठी" म्हणून द्यावेत आणि कोणाला द्यायचे ते त्याला ठरवू द्यावे. ईदपूर्वी फित्रा काढताना घरातील प्रत्येक माणसामागे साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत होते. तो गुणाकार मुलाकडून करून घ्यावा. तराजूत गहू टाकताना त्याचा हात असावा.

आणि दुसऱ्याच्या अमानतीची सीमाही याच वयात दाखवावी. हसन (रजि.) अगदी लहान असताना त्यांनी सदक्याच्या खजुरांतील एक खजूर तोंडात टाकला. प्रेषितांनी लगेच तो थुंकायला लावला. मूल आहे, एकच खजूर आहे, असे ते म्हणाले नाहीत. मशिदीच्या चंद्याचा डबा घेऊन फिरणाऱ्या मुलांना मी हा प्रसंग दरवर्षी सांगतो, आणि डबा एका मुलाच्या हाती न देता दोघांच्या हाती देतो.

दारावर आलेला माणूस

आता ज्या विषयासाठी खरे म्हणजे हा लेख लिहायला घेतला तेथे येतो. आपला यवतमाळ जिल्हा पांढऱ्या सोन्याचा म्हणून ओळखला जातो, आणि कर्जापायी जीव देणाऱ्या कास्तकारांचा म्हणूनही. येथील मूल रुपया ओळखण्याआधी उधारी ओळखते. "अब्बांच्या नावावर लिहा" असे म्हटले की बिस्किटाचा पुडा मिळतो, हा त्याचा पहिला आर्थिक अनुभव असतो. त्या नावाखाली पुढे काय साचते ते त्याला दिसत नाही. म्हणून महिन्याची उधारी फेडायला जाल तेव्हा मुलाला बरोबर न्यावे. वहीतील त्याचे पुडे त्याला मोजू द्यावेत.

मी सात-आठ वर्षांचा होतो. वडिलांनी पेरणीला बियाणे आणि खत उधारीवर घेतले होते. त्या वर्षी पाऊस लांबला. एके दिवशी दुकानदाराचा माणूस दारावर आला. वडील आतल्या खोलीत होते. त्यांनी मला हळूच म्हटले, "सांग, अब्बा घरी नाहीत." मी बाहेर जाऊन सांगितले. तो माणूस काही बोलला नाही. त्याने उंबऱ्यापाशी काढलेल्या वडिलांच्या चपलांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि निघून गेला. वडील खोटारडे नव्हते. तूर विकल्यावर त्यांनी पै न् पै फेडली. कर्ज त्या वर्षीच संपले. पण मदरशात जेव्हा मुनाफिकाच्या लक्षणांची हदीस शिकलो, बोलतो तेव्हा खोटे बोलतो हे वाक्य आले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर त्या चपला आल्या. आजही येतात.

अशी वेळ माझ्या कितीतरी वाचकांच्या घरी आली असेल. मी कोणास दोष देत नाही. इतकेच विनवतो की, दारावर स्वतः जा. पैसे नसतील तर नाहीत म्हणा, मुदत मागा. अडचणीतील कर्जदाराला सवड देण्याचा आदेश सूरह अल-बकराच्या 280 व्या आयतीत धनकोला दिलेला आहे. तो न पाळणे हा त्याचा दोष ठरेल. ऐपत असून फेडण्यास टाळाटाळ करणे हा जुलूम आहे, असे हदीस सांगते, आणि तो दोष आपला ठरेल. पण मुलाला या दोघांच्या मध्ये उभे करू नये. मूल ऐकत असेल तर ऐकू द्यावे. बापाने नजर न चोरता मुदत मागितलेली पाहणे हा त्याच्यासाठी लाजेचा प्रसंग नाही. घरात पैसे नाहीत हेही त्याला त्याच्या वयाजोगे सांगावे : "या महिन्यात जमणार नाही, कापूस विकला की बघू." मात्र आकडे सांगून त्याची झोप उडवू नये.

कर्जाचे गांभीर्य त्याला दुसऱ्या वाटेने कळते. एकदा एक जनाजा आणला गेला. मृतावर तीन दीनार कर्ज होते आणि मागे काही नव्हते. प्रेषितांनी इतरांना नमाज पढण्यास सांगितले आणि स्वतः थांबले. अबू कतादा (रजि.) यांनी ते देणे आपल्यावर घेतले तेव्हा त्यांनी नमाज पढवली. पुढे मुसलमानांची स्थिती सुधारली, तेव्हा प्रेषित कर्ज मागे ठेवून जाणाऱ्यांचे देणे स्वतःवर घेऊ लागले. मुलांना दोन्ही भाग सांगावेत. नुसता पहिला सांगितला तर कर्जदार बापाच्या मुलाला रात्री झोप येत नाही, हे मी एकदा चूक करून शिकलो आहे.

भावाने बहिणीकडून दहा रुपये उसने घेतले तर ते लिहून ठेवायला लावावे. पवित्र कुरआनची सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची 282 वी, कर्ज लिहून ठेवण्याविषयी आहे. तिच्यात असेही आहे की, देणेकरी कमजोर असेल, स्वतः मजकूर सांगू शकत नसेल, तर त्याच्या पालकाने न्यायाने सांगावा. अनेक मुफस्सिरांनी या कमजोरांत लहान मुलाचाही समावेश केला आहे. सर्वांत लांब आयतीत मुलांसाठी जागा आहे, मग आपल्या वहीत का नसावी?

फोनमधला पैसा

2016 साली यूपीआय सुरू झाले, आणि आता आमच्या गावातील चहाच्या टपरीवरही चौकोनी कोडचा कागद चिकटलेला असतो. सोय मोठी आहे. पण जे मूल फक्त "टिंग" आवाज ऐकते, त्याला पैसा कमी होताना दिसत नाही. माझ्या लहान मुलाने एकदा मला पैसे नाहीत म्हणताना ऐकले आणि निरागसपणे सुचवले, "फोनमधून काढा ना." तेव्हापासून त्याच्यासमोर फोनवरून काही दिले की उरलेली शिल्लक त्याला वाचायला लावतो. पिन मात्र मुलांपासून दूर ठेवावा.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना आळा घालणारा कायदा संसदेने 2025 साली केला. आपल्यासाठी सूरह अल-माइदाच्या 90 व्या आयतीत जुगाराची मनाई आधीच आहे. पण तो जुगार मुलांपर्यंत फोनच्याही आधी पोहोचतो. दुकानाच्या दारात कागदी चिठ्ठ्यांचा पुठ्ठा टांगलेला असतो. रुपया-दोन रुपये देऊन चिठ्ठी फाडायची, निघाले तर खेळणे, नाही तर काही नाही. तोही मैसिरच आहे. मुलाला नुसते "हराम" म्हणून ओढून आणण्याऐवजी त्याला मोजायला लावावे : पुठ्ठ्यावर चिठ्ठ्या किती, बक्षिसे किती, सर्व चिठ्ठ्यांचे पैसे किती. चौथीतील मुलाला हे गणित येते, आणि एकदा आले की तो स्वतःच इतरांना सांगत फिरतो.

बँक खाते उघडावे काय, असे पालक विचारतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षे पूर्ण झालेले मूल, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, बचत खाते स्वतः चालवू शकते. त्याहून लहान मुलाचे खाते पालक चालवतात. पैसा सुरक्षित राहतो, म्हणून उघडावे. त्यावर जे व्याज जमा होईल ते मुलाचे धन नव्हे. ते वेगळे लिहून, सवाबची अपेक्षा न ठेवता, गरजूला देऊन टाकावे, असे आपले उलमा सांगतात. पासबुकातील ती ओळ मुलाला बोट ठेवून दाखवावी. नाही तर पुढे व्याजावरील व्याख्यान त्याला कशाविषयी आहे तेच कळत नाही.

माझे सहाशे चाळीस रुपये राहिले होते. मक्तब सुटल्यावर घरी आलो, मुलीला जवळ बोलावले आणि काय केले ते सांगितले. तिला आश्चर्य वाटले, राग आला नाही. आम्ही एक वही केली. पहिल्या पानावर मी माझ्या हाताने देणे लिहिले आणि तिची अम्मी साक्षीदार झाली. पहिल्या महिन्यात दोनशे दिले, दुसऱ्या महिन्यात दोनशे, तिसऱ्या महिन्यात दीडशे. चौथ्या महिन्यात हात फार आखडला होता. तिने ते ताडले असावे. रात्री वही घेऊन आली आणि म्हणाली, "अब्बा, नव्वद राहू द्या. मी माफ केले."

मला भरून आले. पण मसला मसला असतो. नाबालिगाने आपले येणे सोडून देणे हा निव्वळ तोट्याचा व्यवहार, तो वैध होत नाही. मी तिला तसे सांगितले. तिने विचारले, "मग मी केव्हा माफ करू शकेन?" मी म्हटले, "बालिग झाल्यावर." तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "तोपर्यंत तर तुम्ही देऊन टाकाल."

पुढच्या जुम्याला मी नव्वद रुपये तिच्या हातावर ठेवले. तिने ते दोनदा मोजले, वहीत शून्य लिहिले, आणि अम्मीला सहीसाठी हाक मारली.